डोंबिवलीचा माधव आणि हिंगोलीचा हरिसिंग

निशिकांत कामत यांचा ‘डोंबिवली फास्ट’ हा चित्रपट २००५ साली निघाला, तेव्हा तो मी पाहिला होता आणि एका नव्या दिग्दर्शकाची पहिली कृती म्हणून मित्रमंडळीत त्याची वाखाणणीही केली होती. पुढे तो विस्मरणात गेला. पुन्हा पाहण्याचा योग आला तो अगदी अलीकडे, हिंगोली जिल्ह्यातील ज्या महाविद्यालयात मी इंग्रजी शिकवितो तेथील विद्यार्थ्यांसमवेत. पडदा म्हणून भिंतीला ताणलेली पांढरी चादर, खिडक्यांच्या तावदानांना डकविलेली जुनी वर्तमानपत्रे आणि समोर सेनगाव, औंढा, कळमनुरी ह्या भागांतून एस.टी.ने येणारी शे-सव्वाशे मुलेमुली, असा तो थाट होता. ह्यांतील बहुतेकांनी मुंबईची लोकल केवळ चित्रांत पाहिलेली. त्यांचे रोजचे खाद्य म्हणजे हिंदीत उतरविलेले तमिळ व तेलुगू मारधाडपट. नायकाने एका ठोशात चार गुंड उडविले नाहीत तर त्यास नायक म्हणावयासच ही मंडळी तयार नसतात.

तेव्हा माधव आपट्याच्या हाती बॅट आली आणि दुकानातील पहिली काच फुटली, त्या क्षणी सभागृहात शिट्ट्यांचा जो कल्लोळ उडाला, त्याचे मला नवल वाटले नाही. नवल वाटले ते शेवटी. चित्रपट संपला, दिवे लागले, आणि कोणी टाळी वाजविली नाही. मागच्या रांगेतील एक मुलगी उभी राहिली. एरवी वर्गात जिचा आवाज ऐकू येत नाही अशांपैकी ती. म्हणाली, “सर, ह्यानं आधी कुणाला तरी सांगून पाहायचं की. येवढ्या मोठ्या डोंबिवलीत ह्याच्यासारखं दुसरं कुणीच नव्हतं का?”

मी प्राध्यापकी थाटात, शोकांतिकेचा नायक स्वभावतःच एकाकी असतो, असे काहीतरी उत्तर देऊन वेळ मारून नेली. मुलगी खाली बसली. तिचे समाधान झाले नव्हते, आणि खरे सांगावयाचे तर माझेही झाले नव्हते. प्रस्तुत लेख त्या प्रश्नापोटी जन्मास आला आहे.

ज्यांनी हा चित्रपट पाहिला नसेल त्यांच्यासाठी कथानक थोडक्यात सांगतो. माधव आपटे हा डोंबिवलीस राहणारा, मुंबईस बँकेत नोकरी करणारा मध्यमवर्गीय गृहस्थ. घरी पत्नी अलका आणि दोन मुले. सरळ मार्गाने चालावे आणि दुसऱ्यानेही सरळ चालावे, ही त्याची जीवनविषयक सगळी कल्पना. भोवतालच्या जगात मात्र पदोपदी लाच, हप्ता, दांडगाई आणि ह्या सर्वांस ‘चालायचेच’ म्हणून मान डोलावणारी माणसे. पत्नीस वाटते, नवऱ्याने थोडे व्यवहारी व्हावे. एके दिवशी शीतपेयाच्या बाटलीवर छापील किमतीहून अधिक पैसे दुकानदार मागतो, आणि इतक्या वर्षांचा बांध त्या क्षुल्लक रकमेवर फुटतो. त्यानंतर हा गृहस्थ हाती क्रिकेटची बॅट घेऊन शहरभर फिरू लागतो व दिसेल त्या अन्यायाचा जागच्या जागी निकाल लावू लागतो. वर्तमानपत्रे त्यास उचलून धरतात, पोलिसांची अब्रू जाऊ लागते, सुभाष अनासपुरे नावाच्या अधिकाऱ्याकडे त्याचा शोध सोपविला जातो. आणि अखेर ज्या लोकलने त्याचे आयुष्य खाल्ले, त्या लोकलमध्येच त्याचा अंत होतो.

चित्रपटाचा पहिला भाग मला आजही फार चांगला वाटतो. गजर, आंघोळ, डबा, जिना, फलाट, गर्दी, बँकेतील मेज, पुन्हा गर्दी, पुन्हा जिना, हा क्रम दिग्दर्शक पुनःपुन्हा दाखवितो. पुनरुक्ती हा एरवी कलाकृतीतील दोष. येथे ती कथानकाचे कामच करते. प्रेक्षकास चौथ्या-पाचव्या वेळी तो गजर ऐकू आला की त्याचा स्वतःचाच जीव गुदमरू लागतो, आणि बॅट उचलली जाते तेव्हा सुटका माधवाची नव्हे, आपली झाली असे वाटते. शिट्ट्यांचे मर्म ते हेच. संदीप कुलकर्णी यांचे काम ह्या भागात विशेष संयमाचे आहे. आदल्याच वर्षीच्या ‘श्वास’मध्ये डॉक्टरांच्या भूमिकेत त्यांनी जो शांतपणा दाखविला होता, तोच येथे आतून तापत गेलेला दिसतो. ह्या चित्रपटास त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो अस्थानी होता असे कोणी म्हणणार नाही.

कल्पना कोठून आली, ह्याची चर्चा तेव्हा पुष्कळ झाली. शीतपेयाची किंमत, दुकान, बॅट, पाठलागावरचा सहृदय पोलीस, ही सामग्री ‘फॉलिंग डाउन’ ह्या १९९३ च्या अमेरिकन चित्रपटाशी इतकी जुळते की योगायोग म्हणणे कठीण. परंतु मला उसनवारीचा हिशेब मांडण्यात रस नाही. शेक्सपिअरला गोष्टी उसन्या घेतल्याबद्दल कोणी नापास केलेले नाही. लक्षात घेण्याजोगा आहे तो फरक. अमेरिकन नायक हा नोकरी गमावलेला, पत्नीने ज्याला घराशी फिरकण्यास बंदी करविली आहे असा, मनाने आधीच ढळलेला मनुष्य आहे. त्याच्याबद्दल कणव वाटते आणि त्याची भीतीही वाटते. कामत यांनी ती भीती काढून टाकली. आपला माधव निखालस सज्जन आहे. इतका, की त्याच्या बॅटखाली कोणी निरपराध सापडेल अशी शंकाच मनास शिवत नाही. हा बदल मराठी मनास मानवण्याजोगा आहे खरा, पण त्याने कथेतील एक महत्त्वाचा प्रश्न सोपा होऊन गेला.

तो प्रश्न असा की, माधव लढतो कोणाशी? दुकानदाराशी, दांडगाई करणाऱ्याशी, लाच खाणाऱ्या हाताशी. हे सगळे हात आहेत. हात हलविणारे डोके बॅटीच्या टप्प्यात एकदाही येत नाही. रस्त्यावर जे दिसते त्यास तो फोडतो, आणि जे दिसत नाही ते दुसऱ्या दिवशी नवा हात लावून आपला उद्योग चालू ठेवते. गुन्हेगारी संघटित असते म्हणजे काय, तर तिचा चेहरा सापडत नाही. सापडतो तो नेहमी दुसऱ्याचा असतो. येथे मला माझ्या गावची एक जुनी हकीकत सांगणे भाग आहे. विषयांतर वाटले तरी वाचकांनी थोडा धीर धरावा.

हिंगोलीत निजामाच्या फौजेची छावणी होती. आजही गावात पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा ही नावे नांदत आहेत. ज्यांच्यामुळे ती पडली ते घोडे आणि तोफा केव्हाच गेल्या. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या तिसाव्यात ह्या छावणीच्या बाजारात हरिसिंग नावाचा एक व्यापारी होता. दुकान भरभराटीचे, वागणे अदबीचे, गोऱ्या साहेबांपर्यंत ऊठबस. निजामाच्या नोकरीतील फिलिप मेडोज टेलर ह्या इंग्रज अधिकाऱ्याने आपल्या ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ह्या १८३९ च्या कादंबरीच्या प्रस्तावनेत त्याची हकीकत दिली आहे, आणि आपणही त्याच्याशी देवघेव केली होती अशी कबुलीही त्यातच दिली आहे. हा हरिसिंग दख्खनेतील ठगांचा एक म्होरक्या होता. एकदा त्याने मुलकी कारभार पाहणाऱ्या कॅप्टन रेनॉल्ड्सकडे अर्ज करून मुंबईहून कापड आणण्याचा परवाना मागितला. परवाना मिळाला. कापड खरोखरच मुंबईहून येत होते. फक्त ते जवळच्याच दुसऱ्या गावच्या एका व्यापाऱ्याचे होते. हरिसिंगाने तो व्यापारी, त्याचे नोकर आणि गाडीवान वाटेत संपविले, सरकारी परवान्यावर माल हिंगोलीत आणला आणि छावणीच्या बाजारात उघड्यावर विकला. ते कापड अंगावर घालून छावणीतील लोक हिंडले असतील. पकडला गेल्यावर त्याने स्वतः सांगितले म्हणून ही गोष्ट कळली. सांगताना त्यास ती मोठी गंमत वाटत होती. टेलर आणखी सांगतो की, छावणीच्या पहाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर खून होत होते आणि प्रेते पहारेकऱ्यांच्या रांगेपासून चार पावलांवर पुरली जात होती. ही थडगी उकरली गेली तेव्हा त्यांतील काहींपाशी तो स्वतः उभा होता.

ठगांविषयीच्या इंग्रजी वृत्तान्तांत अतिशयोक्ती बरीच आहे, आणि राज्यकर्त्यांनी त्या भीतीचा आपल्या सोयीसाठी उपयोग करून घेतला, असे अलीकडच्या इतिहासकारांनी साधार दाखविले आहे. ते मला मान्य आहे. परंतु हरिसिंगाच्या हकीकतीतील जो भाग मला विचारात पाडतो, त्याला अतिशयोक्तीची गरजच नाही. तो म्हणजे परवाना. खून अंधारात होतो. पण त्यावरचा नफा दिवसाउजेडी, सहीशिक्क्यानिशी, चारचौघांच्या देखत पदरात पडतो. ह्या हरिसिंगासमोर आपला माधव बॅट घेऊन उभा राहिला असता तर काय झाले असते? माझी खात्री आहे, हरिसिंगाने त्यास बसावयास आसन दिले असते, पानसुपारी पुढे केली असती, आणि छापील किमतीहून एक पैसाही जास्त घेतला नसता.

मग हरिसिंगासारखे पकडले गेले कसे? कोणा एका वीराने त्यांस लोळविले नाही. माफीचे साक्षीदार उभे करण्यात आले. एकाने दुसऱ्याचे नाव सांगितले, दुसऱ्याने थडग्याची जागा दाखविली, नावे वंशावळीसारखी कागदावर उतरविली गेली. आणि १८३६ साली कंपनी सरकारने असा कायदा केला की, अमुक खून अमुक मनुष्याने केला हे सिद्ध होवो न होवो, ठगांच्या टोळीत तो होता येवढे सिद्ध झाले तरी त्यास जन्मभर सक्तमजुरी. त्या कायद्यात निरपराध किती भरडले गेले असतील, हा प्रश्न निराळा आणि गंभीर आहे. पण टोळीचा गुन्हा हा टोळीचाच गुन्हा असतो, सुट्या माणसाचा नव्हे, ही गोष्ट त्या काळच्या कारकुनांस उमगली होती. आपल्या महाराष्ट्राने संघटित गुन्हेगारीविरुद्ध जो कायदा केला तो १९९९ चा. योगायोगाने परभणीतून फुटून आमचा हिंगोली जिल्हाही त्याच वर्षी झाला. त्या कायद्यात गुन्हेगारी संघटना म्हणजे काय, ह्याची व्याख्या करताना ‘दोन किंवा अधिक व्यक्ती’ असे म्हटले आहे. कायद्याच्या लेखी गुन्हेगारी संघटित व्हावयास दोन माणसे पुरतात. माधव आपट्याला सज्जनांमधून तेवढाही एक जोडीदार मिळाला नाही.

माझ्या विद्यार्थिनीने विचारले ते हेच होते. मी ते कायद्याच्या पुस्तकातून फिरून आल्यावर ओळखले.

येथे ह्या चित्रपटाच्या दुसऱ्या अवतारासंबंधी बोलले पाहिजे. कामत यांनीच ‘डोंबिवली फास्ट’ पुन्हा तमिळ भाषेत केला. ‘एवनो ओरुवन’ ह्या नावाने तो २००७ च्या अखेरीस प्रदर्शित झाला. मला तमिळ येत नाही, इंग्रजी अनुवादाच्या ओळी वाचीत मी तो पाहिला, हे आधीच सांगून ठेवतो. डोंबिवलीची चेन्नई झाली, माधव आपट्याचा श्रीधर वासुदेवन् झाला आणि गंमत अशी की, माधवची भूमिका करावयास प्रत्यक्ष माधवन् आले. दिग्दर्शक तोच, गोष्ट तीच, शेवटही तोच. तरीही दोन्ही चित्रपट पाहून उठणाऱ्याच्या मनावर होणारा परिणाम एक नाही.

पहिला फरक नावातच आहे. ‘डोंबिवली फास्ट’ हे एका गाडीचे नाव. ती कोठून सुटते, कोठे थांबते, कोणास घेऊन जाते, हे सारे त्या नावात आहे. ‘एवनो ओरुवन’ म्हणजे कोणी एक, कोणीतरी. मराठी शीर्षक माणसास त्याच्या गर्दीत ठेवते. तमिळ शीर्षक त्यास गर्दीतून वेगळा काढते. मग पडद्यावरही तसेच घडते. आर. माधवन् हे नट म्हणून गुणी आहेत आणि येथे त्यांनी आपले देखणेपण शक्य तितके दडविलेही आहे. पण तो चेहरा घरोघरी माहीत असलेला. बँकेच्या खिडकीमागे तो दिसताक्षणी प्रेक्षकास ठाऊक असते की, हा मनुष्य फार वेळ तेथे बसणार नाही. संदीप कुलकर्णी यांच्या बाबतीत अशी खात्री नव्हती. तो मनुष्य तसाच निवृत्त होईल, त्याला निवृत्तीच्या दिवशी शाल आणि श्रीफळ मिळेल, असे वाटण्याची शक्यता पडद्यावर जिवंत होती, म्हणूनच बॅट उचलली गेली तेव्हा धक्का बसला.

शिवाय तमिळ पडद्यावर अशा एकांड्या न्यायाधीशाची परंपरा आधीच बांधली गेलेली. शंकर यांच्या १९९६ च्या ‘इंडियन’मध्ये कमल हासन यांनी रंगविलेला वृद्ध स्वातंत्र्यसैनिक लाचखाऊ अधिकाऱ्यांस एकेक करून यमसदनास धाडतो आणि अखेर पोटच्या मुलासही सोडीत नाही. ‘डोंबिवली फास्ट’ निघाला त्याच २००५ साली शंकर यांचा ‘अन्नियन’ आला. त्यात विक्रम यांनी केलेला अंबी हा वकील माधव आपट्याचा सख्खा भाऊ शोभेल असा नियमांचा भोक्ता. पण कायद्याने काही होत नाही असे दिसल्यावर त्याच्या दुभंगलेल्या मनातून एक दुसराच पुरुष उठतो आणि गरुडपुराणात सांगितलेल्या नरकयातना अपराध्यांस भोगावयास लावतो. आमच्या सुशिक्षित रसिकांस हे हास्यास्पद वाटेल. मला ते तितकेसे वाटत नाही. अंबीच्या गोष्टीत एक प्रामाणिकपणा आहे: साध्या माणसाने साधा राहून ह्या यंत्रणेशी लढणे अशक्य आहे, त्यासाठी त्याला वेड तरी लागले पाहिजे किंवा पुराण तरी अंगात आले पाहिजे, असे ती उघड सांगते. जे अशक्य, ते अशक्य म्हणूनच दाखविले आहे. ‘डोंबिवली फास्ट’चा पेच असा की, तो वास्तवाच्या भाषेत बोलतो आणि मधला अर्धा तास पुराणाचे सुख देतो. ‘एवनो ओरुवन’ तर ह्या दोहोंच्या मध्ये अवघडून उभा राहिला आहे. मारधाडीच्या अपेक्षेने आलेल्यास तो बेताचा वाटावा, आणि वास्तवाच्या अपेक्षेने आलेल्यास नायकाचे तेज डोळ्यांत खुपावे.

कोणी म्हणेल, चित्रपटाने उपाय सांगावा असे कोठे आहे? कलेसाठी कला की जीवनासाठी कला, हे भांडण फडके-खांडेकरांपासून आपण इतके चावून चोथा केले आहे की, त्यात मी नव्याने दात घालू इच्छीत नाही. उपाय मी मागत नाही. मागणी आहे ती कथेने स्वतःच्या पोटात असलेले बीज ओळखावे येवढीच. आणि असे बीज ‘डोंबिवली फास्ट’मध्ये होते. ते म्हणजे अनासपुरे.

हा पोलीस अधिकारी चित्रपटातील सर्वांत जिवंत पात्र आहे, असे मी दुसऱ्यांदा पाहिल्यावर म्हणू लागलो आहे. संदेश जाधव यांनी ते केले आहे. (तमिळमध्ये ही भूमिका सीमान यांनी केली; ते पुढे राजकारणात पक्षप्रमुख झाले, त्यामुळे आज तो चित्रपट पाहताना मन भलतीकडेच जाते.) अनासपुरे हा यंत्रणेच्या आतला मनुष्य. पैसा कोठून निघतो, कोणाच्या टेबलावरून कोठे जातो, कोणाच्या एका निरोपाने तपास थांबतो, हे माधवास ठाऊक नाही. ह्यास ठाऊक आहे. माधवाच्या माग काढता काढता त्यास माधव कळू लागतो, त्याच्यासंबंधी आदर वाटू लागतो. त्या दोघांची मने जवळ येत जातात तो भाग पाहताना मी खुर्चीत पुढे सरकलो होतो. हिंगोलीच्या जुन्या हकीकतीत ज्याने टोळी फुटली, तोच हा मनुष्य: आतले जाणणारा, आणि ते बोलू शकणारा. कायद्यास दोन माणसे लागत होती ना? ही पाहा दोन झाली. पण दिग्दर्शकास ते दिसले नाही, किंवा दिसून परवडले नाही. अनासपुऱ्यास तो हळहळू देतो. बोलू देत नाही. आणि हळहळणारा साक्षीदार हा गुन्हेगारांच्या सर्वांत सोयीचा असतो.

जब्बार पटेल यांच्या ‘सामना’ची येथे आठवण होणे अपरिहार्य आहे. विजय तेंडुलकरांनी लिहिलेला हा चित्रपट सत्तरीच्या मध्यावर आला. त्यातील हिंदुराव धोंडे पाटील म्हणजे हरिसिंगाचाच विसाव्या शतकातील वंशज. साखर कारखाना, बंगला, माणसे, कार्यक्षमता, सर्व काही परवान्यानिशी. त्याच्यासमोर येतो तो एक म्हातारा, दारुडा, फाटका मास्तर. श्रीराम लागू आणि निळू फुले ह्या दोघांची ती जुगलबंदी पाहिलेल्यास विसरणे शक्य नाही. मास्तराजवळ बॅट नाही. त्याच्याजवळ एक प्रश्न आहे: नाहीशा झालेल्या मारुती कांबळ्याचे पुढे काय झाले. हा प्रश्न तो हिंदुरावास विचारतो, हिंदुरावाच्या माणसांस विचारतो, भेटेल त्यास विचारतो, शुद्धीत विचारतो आणि शुद्ध नसतानाही विचारतो. प्रश्न गावात पसरतो. ज्यांना उत्तर ठाऊक आहे त्यांची झोप उडते. आणि शेवटी हिंदुराव ढासळतो तो कोणाच्या ठोशाने नव्हे. ‘सामना’त मारामारी नाही, पण संघटित सत्तेची जी भीती तो चित्रपट बसवितो ती ‘डोंबिवली फास्ट’मधील शंभर फुटलेल्या काचांनी बसत नाही. माधव आपटे संपूर्ण चित्रपटात जबाब मागतो, शिक्षा देतो. पण ह्यामागे कोण आहे, हा प्रश्न तो फारसा विचारीत नाही. तो विचारला असता तर उत्तर ऐकावयास त्यास थांबावे लागले असते, आणि चित्रपटाची गाडी तर जलद.

हे सगळे त्या मुलीस सांगावे म्हणून मी टिपणे काढीत होतो. काढता काढता एके ठिकाणी हात थांबला, आणि ते लिहिल्यावाचून हा लेख पुरा करणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते.

पुष्कळ वर्षांपूर्वी एका परीक्षाकेंद्रावर मी देखरेखीस होतो. गाव कोणते, संस्था कोणती, हे सांगण्यात अर्थ नाही. मराठवाड्यात शिकविणाऱ्या कोणासही ते आपलेच वाटेल. पेपर सुरू होऊन वीस-पंचवीस मिनिटे झाली की प्रश्नपत्रिका खिडकीतून बाहेर जाई, आणि तासाभरात उत्तरांच्या बारीक अक्षरांतल्या झेरॉक्स प्रती आत येत. प्रत्येक विषयाचा दर ठरलेला होता. आणून देणारी पोरे निराळी, लिहून देणारे निराळे, पैसे गोळा करणारा निराळा. मी एका मुलास पकडले. त्याची कॉपी हिसकावली, त्यास उभे केले, वर्गासमोर चार कडक शब्द सुनावले. आणि मला आठवते, त्या वेळी अंगातून एक प्रकारची वीज गेल्यासारखे वाटले होते. बॅट फिरविताना माधवास तेच वाटत असणार. मुलगा थरथरत होता. त्याच्या बापाने शेळी विकून ते पैसे भरले होते, हे मला नंतर कळले.

दुपारी एक गृहस्थ भेटावयास आले. शुभ्र कपडे, कपाळी गंध, बोलणे अत्यंत मृदू. गावातील दोन-तीन चांगल्या कार्यांना त्यांची देणगी असे. त्यांनी मला धमकावले नाही. “सर, तुम्ही पाहुणे माणूस, जेवल्याशिवाय जायचं नाही,” येवढेच ते म्हणाले, आणि जाताना त्या मुलाच्या कॉपीचा कागद टेबलावरून सहज उचलून खिशात घातला. माझ्याबरोबर देखरेखीस आणखी तिघे होते. चौघांनीही ते पाहिले. आम्ही एकमेकांकडे पाहिले आणि मग चौघेही खिडकीबाहेर पाहू लागलो. संध्याकाळी अहवालाचा छापील कागद पुढे आला. गैरप्रकारांची संख्या, ह्या रकान्यात काय लिहावयाचे ते विचारण्याची कोणास गरज भासली नाही. अक्षर माझे चांगले म्हणून लेखणी माझ्याकडे दिली गेली. मी लिहिले: ‘निरंक’. खाली चौघांच्या सह्या.

पुढच्या सोमवारी त्या मुलीच्या वर्गावर माझा तास आहे.